मोकळ्या जागेची पूजा

खंडेनवमीला वैमानिकांच्या घरच्यांना हँगरमध्ये सोडत. कुमुदताई पूजेचं ताट घेऊन आत आल्या, तर समोर नुसती मोकळी जागा! शेजारच्या जुन्या विमानाकडे बोट दाखवून त्यांची लेक ईरा म्हणाली, "ते फक्त रडारला दिसत नाही. माझं डोळ्यांनाही दिसत नाही, म्हणून तर दसपट महाग."

"एवढा पैसा ओतून पोर दिसेनाशी करायची!" असं पुटपुटत कुमुदताईंनी चाचपडत विमानाचं नाक शोधलं आणि त्यावर चांगलं तळहातभर कुंकू फासलं.

ईरा सरावाला उडाली. आभाळात एक लाल ठिपका सरसर चढत गेला. लेक नेमकी कुठे आहे ते पाहून हात हलवायला कुमुदताईंना आज पहिल्यांदाच मिळालं.

मुख्य अभियंते वर्तक धावत आले. "अहो ताई, काय केलंत हे! विमान लांबून दिसतंय! उतरल्याबरोबर पुसावं लागणार."

"पुसा की. माझं बघून झालं."

वर्तक तिथेच घुटमळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्या पलीकडच्या मोकळ्या जागेलाही लावता का थोडं? ते माझा मुलगा उडवतो."