शवासनापुरती

"हाही नाही," असं म्हणत ती गुंडाळलेली चटई काखेत मारून काचेच्या दारातून बाहेर आली.

नवरा गाडीला टेकून वाट बघत होता. "आता यात काय खोट निघाली? एवढी प्रशस्त जागा, परदेशात चालणारं प्रमाणपत्र, शिवाय शिकवणारी बाई रबरासारखी वळते."

"वळते छान. पण शवासनात तिचा आवाज नकोसा वाटला."

"अगं, तुला योगशिक्षिका व्हायचंय की गायिका निवडायचीय?"

ती हसून गाडीत बसली. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत तिचं काम आवाज साफ करण्याचं. लोक येऊन पुस्तकं वाचून जायचे आणि ती दिवसभर हेडफोन लावून त्यांच्या वाक्यांमधले श्वास, गिळलेले आवंढे, ओठांची चटचट कापत बसायची. स्टुडिओत तिला सगळे कानसेनच म्हणत. तेव्हा कानसेनबाईंनी योगशिक्षकांचा प्रशिक्षणवर्ग कानांनी निवडावा, याचं कुणाला नवल वाटलं नाही.

प्रत्येक ठिकाणी पहिला तास नमुन्यादाखल फुकट असायचा. आसनं ती जेमतेम करायची. दिवे मंद झाले, सगळे पाठीवर पडले, की तिचा खरा तास सुरू. डोळे मिटायचे आणि ऐकायचं. एक गुरुजी 'पाय सैल सोडा' असं काही म्हणायचे, की सैल असलेले पायही ताठ व्हायचे. एका शिक्षिकेचा आवाज इतका मधाळ, की कानाला मुंग्या लागतील.

"कशाला हे खूळ?" घरी आत्या म्हणाली. "दादाला योगाचं नावसुद्धा खपायचं नाही."

"बाबा आता नाहीत, आत्या."

आत्या धुतलेल्या चादरीची घडी घालत होती. तिला लहानाचं मोठं आत्यानंच केलं होतं. तिनं चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघी जवळ आल्या, मागे सरकल्या, पुन्हा जवळ आल्या. घडी पूर्ण झाल्यावर आत्या तिच्याकडे न बघता म्हणाली, "पुलापलीकडे, लॉन्ड्रीच्या वर एक जुना वर्ग आहे म्हणे. तिथे जाऊन बघ."

"तुला कसं माहीत?"

"कानावर आलंय. कान काय तुला एकटीलाच दिलेत?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लाकडी जिना चढून वर गेली. खालच्या वाफेनं फळ्यांची जमीन कोमट झाली होती. खोलीभर इस्त्रीच्या कपड्यांचा वास होता. शिक्षिका साठीच्या, केस अगदी बारीक कापलेले. त्यांनी तिला कुठे काही दुखतं का, एवढंच विचारलं आणि खिडकीजवळची जागा दाखवली.

शेवटी पडदे ओढले गेले.

"आता टाचा सोडून द्या. आता गुडघे. जमीन धरून ठेवील त्यांना, तुम्ही नका धरू."

आवाज पिकलेला होता, कडेनं किंचित खरखरीत. पण प्रत्येक 'आता'च्या आधी एक इवलासा श्वास थबकत होता. कापू म्हटलं तरी कापता आला नसता असा.

खालच्या यंत्रांची घरघर हळूहळू लांब गेली आणि लाटांसारखी परत येऊ लागली. फळ्या मऊ झाल्या. छत कुठेतरी वर निघून गेलं. कुणीतरी तिच्या गळ्यापर्यंत पांघरूण ओढत होतं. ती लहान झाली होती, इतकी लहान की पलंगाच्या दुसऱ्या टोकाला तिचे पाय पोचत नव्हते.

"आता कपाळ..."

पुढचं तिला ऐकू आलं नाही.

जाग आली तेव्हा खोली रिकामी होती. पडद्याच्या फटीतून आलेलं ऊन भिंतीवर चढलं होतं. तिच्या अंगावर एक शाल होती आणि शिक्षिका समोर भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"सगळे गेले?"

"केव्हाच."

"मला उठवायचं ना."

"गाढ झोपली होतीस. वर्गात कुणी झोपलेलं असलं, तर मी जागची हलत नाही. माझा नियमच आहे तो."

तिनं हाताच्या पाठीनं डोळे पुसले.

"येतं बऱ्याच जणांना रडू," शिक्षिका हळूच म्हणाल्या. "त्याचं काही वाटून घेऊ नकोस. मग, अजून चार ठिकाणी बघणार आहेस?"

"नाही. ठरलं. इथेच."

"घाई करू नकोस. इथे मोठं नाव नाही, झगमगाट नाही, खाली दिवसभर यंत्रांचा गोंगाट. असं काय आवडलं तुला इथलं?"

ती उठून बसली. शाल तिनं खांद्यावरून काढली नाही.

"मी उठेपर्यंत तुम्ही थांबलात," ती म्हणाली. "मागच्या वेळी मला झोपवून निघून गेली होतीस, आई."