शकूताईंचा बफर

यंत्रातून आवाज आला आणि ऋजुता दचकली. हाडातल्या डीएनएवरून माणसाचा आवाज घडवणारं ते यंत्र होतं. बोलायला हवी होती उत्खननात सापडलेली चार हजार वर्षांपूर्वीची बाई. बोलल्या मात्र शकूताई. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गमावलेल्या, आत्ता तिच्या शेजारीच बसलेल्या शकूताई.

गफलत कुठे झाली, ते ऋजुताला लगेच कळलं. हाड विरघळवायचं द्रावण, म्हणजे बफर, ऑपरेशनच्या आधी शकूताईंनीच करून ठेवला होता. त्यातली पांढरी पूड लवकर विरघळत नाही. मग त्या मास्क खाली ओढून तिला लाडीगोडीनं विनवायच्या, "विरघळ ना गं बाई!" तेव्हा थुंकीच्या तुषारांबरोबर त्यांचाच डीएनए बाटलीत उतरला होता.

"अख्खी बाटली टाकून द्यावी लागणार," ऋजुता म्हणाली, पण तिला उठवेना. मास्क खाली करून ती डोळे पुसू लागली.

शकूताईंनी यंत्राचा कीबोर्ड पुढे ओढला आणि दोन बोटांनी टाइप केलं. खोलीत त्यांचा जुना, खणखणीत आवाज घुमला.

"मास्क वर घे, कार्टे! आणि नवा बफर मीच करणार. आता मी कुठे बोलते?"