तीन ठोके

जयपूरची जमीन कुठे किती भक्कम आहे याचा नकाशा करताना अनुश्रीने शहरभर शेकडो ठिकाणी जमिनीत नळी ठोकून पाहिली होती. चांगल्या जागी ती फूटभर उतरायला तीस-चाळीस ठोके लागायचे. शहराबाहेर, चाकसू गावाच्या अलीकडे, तिच्या नवऱ्याने, निनादने, हौसेने घेतलेल्या प्लॉटवर मात्र नळी तीन ठोक्यांत खाली गेली. कुणीतरी जुना नाला मलबा टाकून बुजवला होता.

"इथे घर नको रे बाबा," असं म्हणून तिने नकाशात तिथे लाल रंग भरला.

महिन्याभरात निनादने प्लॉट विकला.

"घेणाऱ्याला सगळं सांगितलंस ना?"

"अगं, मी काय कुणाला फसवणार आहे का?" तो इतका दुखावला की तिलाच विचारल्याची लाज वाटली.

आज तिच्या धाकट्या भावाच्या, अभिनवच्या घराचं भूमिपूजन होतं. फौजेतून रिटायर होऊन तो जयपुरातच राहणार होता. जागा कुठली, हे त्याने गंमत म्हणून ताईपासून लपवून ठेवलं होतं. निनादने न विचारता, न चुकता गाडी थेट तिथे आणली. समोर झेंडूच्या माळा लावलेला तोच प्लॉट होता.

अभिनव धावत आला आणि तिच्या पाया पडला.


"ताई, दाजी म्हणाले, ही जमीन तू स्वतः तपासलीयस. मग मी दुसरं काही बघितलंच नाही."