नळीचा तुकडा

मोरूनं दोन्ही तळहात टेकवून जोर दिला, तसा सायकलचा तो चिमटा चांगला चार बोटं खाली बसला आणि सावकाश वर आला. मोरूला तो फार पसंत पडला.

"ह्योच घे," तो म्हणाला. "गादीवर उतरल्यासारखा वाटंल."

"मला झोपायचं न्हाय बाबा, उडायचं हाय." प्राप्ती हसली आणि तिनं तो बाजूला सारला.

अलिबागच्या त्या सायकलच्या दुकानात काउंटरवर दोन चिमटे मांडले होते. पुढचं चाक ज्यात बसतं आणि जे दणका सोसतं, त्याला मोरू आयुष्यभर चिमटाच म्हणत आला होता. दुकानदार विनेश फोर्क म्हणायचा. पहिला लांब आणि मऊ, डोंगरातल्या दगडधोंड्यांसाठी. दुसरा आखूड, ताठ, दाबला तर जेमतेम हलणारा.

"उड्या कुठं मारतेस?" विनेशनं विचारलं. "उतरतेस ती जमीन कशी आहे, त्यावर ठरतं."

प्राप्तीला एवढंच हवं होतं. "आमच्या मिठागरात. बंद पडलंय ते. तिथं बाबानं टेकाडं करून दिलीत मला. नुसती माती ओतून न्हाय हां. मिठाचा तळ तुडवतात तशी, पायानं. पाणी शिंपायचं आणि तुडवायचं, भेग दिसली की परत तुडवायचं. पाच वर्षं करतोय तो. उतरताना टायर कधी टेकलं ते कळत न्हाय, दादा. असली जमीन पुण्यात पण न्हाय. मला मऊ फोर्क लागतोच कशाला? हा ताठच दे."

विनेशनं कौतुकानं मोरूच्या पायांकडं पाहिलं. मोरूनं ते चपलांसकट काउंटरखाली सरकवले.

सोमवारी पेणला जाऊन त्यानं तीच जमीन देऊन टाकल्याच्या कागदावर सही केली होती. पुतण्या हितेशला तिथं कंटेनर उभे करायचे होते. आज गुरुवार. तीन दिवस मोरू पोरीला सांगायला तोंड उघडत होता आणि जेवायला वाढ म्हणून मिटत होता. आधी मनासारखा चिमटा घेऊन देऊ, मग सांगू, म्हणजे तिला कमी लागेल, असा त्याचा शहाणपणाचा बेत होता.

"पण दुसरीकडं उडायची येल आली तं?" त्यानं चाचपून पाहिलं. "खडबडीत असंल, कशी पण असंल. तिथं मऊच बरा न्हाय?"

"दुसरीकडं कशाला जाऊ मी?"

याला उत्तर होतं. मोरूनं ते गिळलं आणि भिंतीवरच्या हेल्मेटांकडं पाहत बसला.

विनेशनं आखूड चिमटा सायकलला लावून पाहिला आणि वर आलेल्या नळीवर खडूनं खूण केली. "काका, ही नळी सायकलच्या मापानं कापावी लागते. एकदा कापली की विषय संपला. मग परत घेता येत नाही, बदलूनही मिळत नाही. कापू?"

"बाबाला विचार," प्राप्ती ऐटीत म्हणाली. "घेणारा तो हाय."

विनेश करवत हातात घेऊन थांबला. आता बोल मेल्या, मोरू स्वतःलाच म्हणत होता, अजून नळी अख्खी आहे. मग त्यानं पोरीकडं पाहिलं. गेल्या कित्येक दिवसांत ती त्याच्याकडं पाहून अशी हसली नव्हती. ते हसू आणखी घटकाभर टिकावं, एवढाच त्याला मोह झाला.

"काप," तो म्हणाला.

करवत चालली. लोखंडाचा कीस काउंटरवर सांडला आणि बोटभर तुकडा खणकन खाली पडला. प्राप्तीनं टाळी वाजवली. विनेश पंप शोधायला वाकला, तेवढ्यात मोरूचा फोन वाजला.

मोरूला ऐकू कमी येतं, म्हणून त्याच्या फोनवरचं बोलणं चार माणसांना ऐकू जातं.

"काका, हितेश बोलतोय. मशीन आला. बांध फोरायला घेतलाय. मधली ती टेकाडं पण सपाट करू ना? का प्राप्तीचं काय सामान हाय तिथं?"

"मंग करतो फोन," मोरू म्हणाला. पण त्याला बंद करायचं बटण लवकर सापडेना. हितेश पलीकडून मशीनवाल्याला ओरडून सांगत राहिला, कुठून सुरुवात करायची ते.

प्राप्ती बाबाकडं वळली.

"कधी दिलीस?"

"सोमवारी."

"मघाशी मी या दादांना सांगत होते तेव्हा तुला ठाऊक होतं."

"तुला चांगला चिमटा घेऊन द्यावा आन् मंग..."

"आणि मऊ घे, मऊ घे म्हणत होतास."

मोरूनं मान हलवली. तिनं आरडाओरडा करावा, रडावं, सायकल लाथाडावी, काहीही करावं, असं त्याला वाटत होतं. ती फक्त नव्या चिमट्यावर तळहात टेकवून उभी होती. जोर देत होती. तो हलत नव्हता.

विनेश पंप घेऊन उभा राहिला. शेवटी काहीतरी करायचं म्हणून त्यानं खाली पडलेला नळीचा तुकडा उचलला, शर्टाला पुसला आणि प्राप्तीपुढं धरला. "हा नेतेस का? बरेच जण आठवण म्हणून नेतात."

"त्यांना दे," बाबाकडं न बघता प्राप्ती म्हणाली. "कापायला त्यांनीच सांगितलं."