घर विकणे आहे

रविवारी सकाळी, चर्चच्या आधी, व्हर्नेल टॅकेटने आपला ट्रक फुटबॉल कोचच्या घरासमोर उभा केला आणि ती बघतच राहिली. लॉनवर एकही पाटी नव्हती.

व्हर्नेल घरांची दलाल. ‘घर विकणे आहे’ अशा तिच्या पाट्या गावभर रोवलेल्या असतात. कॉलेजचा संघ एखाद्या तगड्या संघाकडून हरला की लोक त्या पाट्या उपटतात आणि कोचच्या दारात नेऊन ठोकतात. चंबूगबाळं आवर, असा त्याचा सरळ अर्थ. आमच्या अलाबामात कुणाला त्यात वावगं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी व्हर्नेल पाट्या गोळा करायला येते आणि कोच ड्यूई लॅनियर स्वतः त्या उपटून तिच्या ट्रकमध्ये चढवतो. सहा वर्षं हे असंच चाललं होतं. मागच्या मोसमात एका रविवारी तर एकोणीस पाट्या निघाल्या.

कोचचं दुखणं साऱ्या गावाला पाठ होतं. साध्यासुध्या संघांना तो धुऊन काढायचा, पण देशातल्या पहिल्या पंचविसांतला संघ समोर आला की हार ठरलेली. कालच्या सामन्याआधी असे सतरा सामने झाले, त्यांत एक विजय. तोही न्हाव्याच्या दुकानातल्या गप्पांत कोचकडून काढून घेण्यात आला. ज्याला हरवलं तो संघ त्या दिवशी नववा होता, पण मोसम संपेपर्यंत रसातळाला गेला. ‘म्हणजे तो तगडा नव्हताच,’ असा निवाडा झाला आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी कॉलेजच्या विश्वस्तांनी यंदा त्याला सांगूनच टाकलं होतं, की तगड्यांना हरव, नाहीतर नोकरी विसर.

काल चौथ्या क्रमांकाचा संघ आला होता. शेवटच्या मिनिटाला आमच्या पोरांनी सहा गुण मिळवले आणि आम्ही एकाच गुणाने मागे उरलो. चेंडू लाथेने खांबांमधून मारला की एक गुण, बरोबरी आणि जादा वेळ, ते बिनधोक होतं. कोचने मात्र जिंकायचं ठरवलं आणि चेंडू हातात घेऊन रेषेपार नेण्याचा, दोन गुणांचा डाव लावला. चेंडू घेऊन धावणारा खेळाडू रेषेच्या हातभर अलीकडे आडवा झाला. हरलो, तरी सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवत होतो. सप्टेंबरात एक पाटी मी स्वतः त्याच्या दारात ठोकली होती, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

कोच कॉफीचे दोन मग घेऊन बाहेर आला. पायांत नुसते मोजे होते.

“पाट्या कुठंयत?” व्हर्नेल ट्रकमधून उतरत म्हणाली. “लपवल्यास की काय?”

“नाही हो, मिस व्हर्नेल. कुणी आलंच नाही. मी पहाटेपासून खिडकीत उभा होतो.” आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने ‘मिस’च म्हणतात.

“मग गावाला अक्कल आली म्हणायची!” तिने मग घेतला. “आमचे हे काल रडले, ठाऊक आहे? स्वतःच्या बापाच्या मयताला टिपूस काढलं नव्हतं त्यांनी. म्हणाले, हा माणूस मोठ्यांपुढे शेपूट घालतो असं सहा वर्षं म्हणत आलो, आता नाही म्हणणार.”

कोच हसला आणि पायरीकडे बोट दाखवलं. तिथे चंदेरी कागदाने झाकलेला केक होता. “हा कुणी ठेवला, कळत नाही. चिठ्ठीसुद्धा नाही.”

व्हर्नेलने कागद उचलून वास घेतला. “बर्निसचा. एवढं लोणी दुसरं कोण घालतंय? गेल्या वर्षी तुझी टपालपेटी हिनेच उखडली होती.”

दोघं पायरीवर बसले.

“पण खरं सांग, कोच. लाथ का नाही मारलीस?”

“सतरा वेळा सांभाळूनच खेळलो की. पोरं दमली होती, जादा वेळेत समोरच्यांनी आम्हाला चिरडलं असतं. एकदा तरी पोरांना जिंकायला पाठवायचं होतं, बरोबरी राखायला नाही.”

“बरोबर केलंस. आता पुढच्या वर्षी बघ तू—”

“सहाला फोन आला होता. विश्वस्तांचा.”

व्हर्नेलने मग खाली ठेवला.

“त्यांच्यापुढे कागद असतो,” कोच म्हणाला. “अठरा सामने, एक विजय. हातभर कमी पडलो, हे लिहायला त्या कागदावर जागा नसते.”

“तो एक तरी धरला ना?”

“धरला बिचाऱ्यांनी. न्हाव्यापेक्षा बरे निघाले.”

ती हसली नाही. तिला रडू येत होतं आणि चर्चसाठी तोंडाला पावडर लावलेली होती.

“गावाला कधी सांगणार?”

“चर्च सुटल्यावर.” तो उठला. “मिस व्हर्नेल, ट्रकमध्ये एखादी पाटी आहे?”

“कोच, आज नको रे.”

“चांगली बघून द्या. चेपलेली असली तर बायको चिडेल. घर तिचं आहे, माझं नुसतं लॉन.”

तिने सगळ्यांत नवी पाटी काढली आणि सीटखालचा हातोडा घेतला. लॉनच्या मधोमध गवत कधी धरलंच नव्हतं. कोचने तिथे पाटीचा खुंट टेकवला आणि तळहाताने जरासा दाबला. तो जुन्या भोकात सरळ आत गेला.

व्हर्नेल हातोडा घेऊन तशीच उभी राहिली.