रेंज

संभाजीनगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांडूची आशा सोडली होती. लेकाचा आवाज एकदा कानावर पडावा, एवढंच तो मागत होता. लेक विश्वजीत आफ्रिकेजवळ, मालवाहू जहाजावर अधिकारी. साळूबाई सकाळपासून त्याला फोन लावत होती आणि फोनमधली बाई दर वेळी सांगत होती, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. अचानक रिंग गेली. तिनं स्पीकर लावला आणि फोन नवऱ्याच्या कानाशी धरला.

"विशू, बोल रे बापासंगं! लई वेळ नाय आता!"

"आई? फोन लागला कसा?" विश्वजीतचा आवाज एकदम बदलला. "इथं रेंज यायलाच नको. किनारा तर लई लांब..." मग तो कुणावर तरी ओरडला, "वळवा! जहाज वळवा!"

फोन कटला. साळूबाई पुन्हा पुन्हा नंबर दाबत राहिली.

बऱ्याच वेळानं जहाजावरच्या सॅटेलाइट फोनवरून त्याचाच फोन आला. तो रडत होता.

"आई, इथला दीपस्तंभ बंद पडलाय, आम्हाला कुणी कळवलंच नाय. जीपीएसपण चुकीचं दाखवत होतं. इथं उजाडलं नव्हतं, जहाज सरळ खडकावर चाललं होतं. तुझा फोन लागला म्हणून कळलं, किनारा जवळ आलाय. सगळे वाचलो बघ. आता बाबांना दे, बोलतो मी."

साळूबाईनं नवऱ्याच्या अंगावरची चादर नीट केली.

"'वळवा' म्हणलास ना, ते ऐकलं त्यांनी," ती म्हणाली. "तेवढंच ऐकून गेले रे."