चौथी चिठ्ठी

पाळकसाहेबांचा घसा ऐनवेळी बसला, म्हणून चर्चच्या पेटीतल्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्या वाचायला सुताराची बायको उभी राहिली. चिठ्ठीवर नाव घालायची पद्धतच नव्हती. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाच्या मुलीची परीक्षा. एकीने जावयाच्या रागाला लगाम मागितला होता. मंडळी हसली. चौथी चिठ्ठी जाड पेन्सिलीने लिहिलेली होती; तीही तिने मोठ्याने वाचली. “डॉक्टर म्हणतात, गाठ पसरलीय. बायकोला सांगायचा धीर दे, प्रभू.” तिने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. घरातल्या फळीफळीवर मापं लिहिणारं अक्षर ते! समोरच्या बाकावर तिचा नवरा पांढराफटक पडला होता. “ताई, पुढची वाचा ना,” कुणीतरी कुजबुजलं. तिने चिठ्ठी मुठीत आवळली, डोळे मिटले. “प्रभू, बायकोला कळलंय. आता दोघांनाही धीर दे. घरी गेल्यावर ती जे बोलेल, त्याची क्षमाही आत्ताच कर.” “आमेन,” मंडळी सवयीने म्हणून गेली आणि चपापली.